‘मिक्समध्ये बघू’ म्हणू नका: पहिला अल्बम करणाऱ्या बँडने या चुका टाळा

पहिला अल्बम करायला आलेल्या बँडकडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘मिक्समध्ये बघू’, म्हणजे रेकॉर्ड केलेले सगळे आवाज नंतर एकत्र करताना दुरुस्त करू. स्नेअर (ड्रमसेटमधला कडक ठोक्याचा ड्रम) पोकळ वाजतोय? मिक्समध्ये बघू. गिटार किंचित उतरलीय? मिक्समध्ये बघू. पुण्यात एका लहानशा खोलीत मी बँडचं रेकॉर्डिंग करतो. हे वाक्य जिथे आलं, तिथे पुढे पैसेही जास्त गेले आणि दोस्तांमध्ये कुरबुरीही झाल्या, हे मी जवळून पाहिलंय. मिक्सिंगमध्ये आवाजांचा तोल साधता येतो. जे नीट वाजलंच नाही, ते तिथे वाजवता येत नाही.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे तासाचे पैसे मोजून स्टुडिओत गाणं बसवणं. निर्व्हाना या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ १९८९ साली आला. सिअ‍ॅटलमध्ये जॅक एंडिनो या रेकॉर्डिस्टकडे तो सुमारे ३० तासांत रेकॉर्ड झाला आणि बिल झालं ६०६ डॉलर १७ सेंट. इतक्या कमी वेळात काम उरकलं, कारण बँड गाणी बसवून आत गेला होता. तुम्ही महिनाभर आधी प्रत्येक तालीम फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐका. कडव्याला मिनिटाला ११२ ठोके असलेली लय ध्रुवपदाला ११८ वर गेलेली तुम्हाला सापडेल. ती धाव गाण्याला शोभत असेल, तर क्लिकशिवाय (हेडफोनमधल्या ठरावीक लयीच्या टिकटिकीशिवाय) सगळे एकत्र वाजवा. फक्त मग एका टेकचा (एकदा वाजवून केलेल्या रेकॉर्डिंगचा) तुकडा दुसऱ्याला जोडता येईल ही आशा सोडा. आणि क्लिक लावायचाच असेल, तर ड्रमरला त्याची सवय घरी होऊ द्या. स्टुडिओतला पहिला दिवस ही त्याची जागा नाही.

स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतोय

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक बँडची असते, म्हणून इथे जरा थांबतो. स्नेअरजवळचा माइक कातड्यापासून साधारण ५ सेंटीमीटरवर आणि वरचा ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेला माइक) १०० सेंटीमीटरवर आहे असं धरा. मधलं अंतर ९५ सेंटीमीटर. आवाजाला ते कापायला पावणेतीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे तोच ठोका दोन माइकमध्ये वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि दोन्ही एकत्र केले की १८० हर्ट्झच्या आसपास ते एकमेकांना खाऊन टाकतात. नेमकं तिथेच स्नेअरचं अंग असतं. माइक भारी घेतला तरी हा दोष जात नाही, कारण दोष अंतराचा आहे.

त्यावर उपाय सोपा आहे. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून मोजपट्टीने समान अंतरावर ठेवा. शिंप्याकडची टेप चालते, मी तीच वापरतो. मग ड्रमरला एकट्या स्नेअरवर वाजवायला सांगा आणि जवळच्या माइकचं फेजचं (आवाजाची लहर उलटवणारं) बटण एकदा दाबून, एकदा सोडून ऐका. ज्यात आवाज भरदार, तेच ठेवा. स्नेअरखाली माइक लावला असेल, तर त्याचं फेज बहुतेक वेळा उलटावंच लागतं, कारण वरून ठोका पडला की कातडी वरच्या माइकपासून लांब जाते आणि खालच्याकडे येते. या कामाला पाच मिनिटं लागतात. आणि त्याच्याही आधी ड्रम सुरात लावा. कातडी वर्षभर जुनी असेल, तर अल्बमसाठी तरी नवी घ्या.

गिटार ट्यूनरवर बरोबर, पण कॉर्ड खटकते

मोकळ्या तारा सुरात असतात आणि मान चढत गेलं की बिघडत जातं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून येणारा सूर) आणि त्याच फ्रेटवर तार दाबून येणारा सूर एकच यायला हवा. येत नसेल, तर ब्रिजवर इंटोनेशन, म्हणजे तारेची लांबी, जुळवून घ्या. नव्या तारा एक-दोन दिवस आधी घाला, रेकॉर्डिंगच्या सकाळी नको. दिवसभर त्या ताणत राहतात. पावसाळ्यात दमट हवेने गिटारची मान हलते, त्यामुळे जुलैत रेकॉर्डिंग असेल तर प्रत्येक टेकआधी ट्यूनर लावाच.

गेनचंही (अँपवर आवाज किती फाटेल ते ठरवणाऱ्या बटणाचंही) तसंच. स्टेजवर भव्य वाटणारं डिस्टॉर्शन रेकॉर्डवर चिखल होतं. गेन थोडा उतरवा आणि तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवल्याने गिटार रुंद होत नाही. तो मधोमधच ऐकू येतो, फक्त मोठा.

हवा तो खडबडीतपणाही वाजवतानाच यायला हवा. द स्ट्रोक्स या न्यू यॉर्कच्या रॉक बँडने पहिल्या अल्बमसाठी गिल नॉर्टन या निर्मात्याबरोबर आधी केलेलं रेकॉर्डिंग फार गुळगुळीत वाटलं म्हणून बाजूला ठेवलं आणि न्यू यॉर्कच्या एका तळघरातल्या स्टुडिओत गॉर्डन राफेलबरोबर नव्याने केलं. त्यांचा गायक ज्युलियन कॅसाब्लांकासचा तो चिरका, फाटलेला आवाज एका लहानशा प्रॅक्टिस अँपमधून काढलेला आहे. २००१ साली तो अल्बम आला, आणि ‘आवाज कसा हवा’ हे आधीच ठरवलं की काय होतं, ते त्यात ऐकू येतं.

शब्द कळत नाहीत

मराठीत गाणाऱ्या बँडची ही खास अडचण आहे आणि तिचं मूळ बहुतेक वेळा चालीत असतं. इंग्रजी गाणी ऐकत वाढलेले आपण आधी आं-ऊं करत चाल रचतो आणि मग तिच्यात मराठी शब्द बसवतो. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा बळी जातो. ‘दिवा’तल्या ‘दि’वर लांब सूर आणि ‘वा’वर निसटता सूर आला, की ऐकणाऱ्याच्या कानात ‘दीव’ पडतं. त्याला शब्द कळला नाही म्हणून मग गायकाचा आवाज वाढवला जातो, तरीही कळत नाही. गाणं आधी नुसतं वाचा, मोठ्याने, चालीशिवाय. शब्द जिथे लांबतो, तिथेच सुराला लांबू द्या. एखादी ओळ बसत नसेल, तर तिची चाल बदला. मला तरी मोडलेल्या शब्दापेक्षा बदललेली चाल बरी वाटते.

आपल्या फ, भ, ध, ख या अक्षरांसोबत हवेचा झोत येतो. पॉप फिल्टर (माइकपुढची झोत अडवणारी जाळी) लावाच, शिवाय माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा बाजूला वळवा. स-श टोचत असतील तरी हीच युक्ती कामाला येते.

गायक सतत मागे पडतोय असं वाटलं, तर त्याला बोलण्याआधी कॉम्प्युटरची बफर सेटिंग (आवाज किती साठवून मग पुढे पाठवायचा, ते) बघा. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर असेल, तर निदान २१ मिलिसेकंदांचा उशीर त्याच्या हेडफोनमध्ये जातो. १२८ वर आणा, बफरचा उशीर तीनच्या आत येतो. घरी रेकॉर्ड केलेलं गाणं स्टुडिओत अचानक संथ आणि दीड सेमीटोन खाली वाजलं, तर ४८ किलोहर्ट्झची फाइल ४४.१ च्या सेशनमध्ये न बदलता उघडली गेलीय. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी एक आकडा ठरवा. रेकॉर्डिंग २४ बिटवर करा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. फाटलेला टेक परत शिवता येत नाही.

मास्टरिंगला (तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवताना) ‘अजून मोठं करा’ असा आग्रह धरू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आणून वाजवतं. तुम्ही उणे ६ वर चेपलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि ड्रमचा ठोसा तेवढा गेलेला असतो.

एक काम मात्र रेकॉर्डिंगच्याही आधी करा, कागदावर. शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगची मालकी कुणाची, हे तीन वेगळे हक्क आहेत. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येत नाही, पण तो मिळण्यासाठी गाण्यावर नाव तर लागायला हवं. माझ्याकडे एका बँडची आठ गाणी तयार होऊन पडून आहेत. बासवादक सोडून गेला आणि त्यातल्या तीन चाली नेमक्या कुणाच्या, यावर आजवर एकमत झालेलं नाही. प्रत्येक गाण्यासमोर नावं आणि टक्केवारी, खाली सगळ्यांच्या सह्या, एवढंच पुरतं. मग आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेत) नोंद करा.

गाणी अपलोड करताना प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळालेला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगची ओळख) त्याच कागदावर उतरवून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणारी कंपनी) बदलला, तर तोच कोड पुन्हा द्यावा लागतो, नाहीतर जुने आकडे नव्या अपलोडशी जुळत नाहीत. रिलीजची तारीख अपलोडनंतर किमान चार आठवड्यांची घ्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते रिलीजच्या निदान सात दिवस आधी, आणि एका वेळी एकच. ते कुठलं, हे बँडने आधीच ठरवलेलं असू द्या.