डिस्क अर्धी रिकामी, तरी फोल्डर होईना: क्लस्टरवरच्या या चुका टाळा

चवथीला दोन दिवस असताना आमचा एक विद्यार्थी क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, चाळीस हजार जॉब (संगणकाला दिलेली कामं) रांगेत लावून पेडण्याला घरी गेला. प्रत्येक जॉब एकाच फोल्डरात आपला उपफोल्डर करणार होता. मी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधत होतो तेव्हा त्याचा फोन. "सर, ३१,९९८ जॉब नीट झाले, पुढचे सगळे पडले. डिस्क तर अर्धी रिकामी आहे!"

आकडा ऐकूनच रोग कळला.

अशा वेळी बहुतेक जण जागा मोजत बसतात. लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं असतं: 'टू मेनी लिंक्स'. आमचा स्टोरेज जुना, ईएक्सटी३ या लिनक्सच्या जुन्या फाइल-व्यवस्थेचा. त्यात प्रत्येक उपफोल्डरमधली दोन टिंबांची नोंद वरच्या फोल्डरकडे बोट दाखवते आणि त्याची लिंक-संख्या (त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींची संख्या) एकने वाढवते. मर्यादा ३२,०००. फोल्डरचं स्वतःचं नाव आणि आतलं एक टिंब यांत दोन आधीच गेलेल्या. उरल्या ३१,९९८. फोल्डरवर 'एलएस -एलडी' ही आज्ञा दिलीत की दुसऱ्या रकान्यात त्याची लिंक-संख्या दिसते. ती बघायची सवय लावा.

उपाय म्हणजे जॉबचे फोल्डर वाटून ठेवणे. जॉबची रांग सांभाळणारी सॉफ्टवेअरंही हेच करतात. स्लर्म आपली जॉबची माहिती जॉब क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून दहा फोल्डरांत वाटतं. एचटीकॉन्डर क्रमांकाला १०,००० ने भागून बाकीवर फोल्डर पाडतं. आपणही तेच करावं: ४८२७३६ चा निकाल ७३६/४८२७३६ मध्ये.

इथेच दुसरी चूक होते, आणि ती मीही केली आहे. शेवटचे तीन अंक घ्यायचे सोडून पहिले तीन घेतले. सहा आकडी क्रमांकांपर्यंत एका कप्प्यात हजारच जातात, म्हणून काही बिघडत नाही. क्रमांक आठ आकडी झाले की ४८२ मध्ये एक लाख कोंबले जातात आणि आपण पुन्हा जिथल्या तिथे.

ईएक्सटी३ नंतरच्या ईएक्सटी४ वर 'डीआयआर_एनलिंक' ही सोय सुरू असेल तर ही अडचण येत नाही. पण लाखो फाइली एकाच फोल्डरात असल्या तर साधं 'एलएस' रेंगाळतं, कारण ते आधी सगळी नावं क्रमाने लावतं. 'एलएस -एफ' (लहान लिपीतला एफ) वापरा, ते क्रम लावत नाही. 'आरएम' ला तारांकन देऊन पुसायला गेलात तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणून हात झटकतं. तिथे 'फाइंड' ला 'डिलीट' जोडायचं.

पुसून झाल्यावरही फोल्डर मंदच वाटेल. ईएक्सटी४ मध्ये फुगलेला फोल्डर फाइली गेल्या म्हणून आपोआप आकसत नाही. नवा फोल्डर करा, उरलंसुरलं तिकडे हलवा, जुना काढून टाका.