फ्लॅश नेमका किती लांब पोचतो? आधी पावलं मोजा

कोल्हापुरात खासबागच्या मैदानात संध्याकाळच्या कुस्त्या बघायला गेलात तर एक गोष्ट दिसतीच, वरच्या पायऱ्यांवरून दर दोन मिनिटाला कुणाचा तरी फ्लॅश चमकतोय. पैलवान तिकडं वीस-पंचवीस मीटर लांब, आणि फोटोत काय येतंय तर पुढं बसलेल्या पाव्हण्याची पांढरीफट्ट टोपी आणि मागं सगळा काळोख. मी पण हेच केलंय आणि घरी येऊन कॅमेऱ्याला शिव्या घातल्यात. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, त्याला झेपत नाही एवढ्या लांबचं काम मी सांगत होतो.

फ्लॅशची ताकद सांगणारा एक आकडा असतो, गाईड नंबर. माहितीपुस्तकात शेवटी शेवटी बारीक अक्षरात असतोय. हिशोब एकदम सोपा, गाईड नंबरला अपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत घेणाऱ्या भोकाच्या, आकड्यानं (एफ ४, एफ ५.६ असा असतो तो) भागायचं, येईल तेवढे मीटर. कॅमेऱ्यावर उघडणारा जो छोटा फ्लॅश असतो त्याचा गाईड नंबर बऱ्याचदा १२ च्या आसपास असतो, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) १०० ला. म्हणजे एफ ४ ला ३ मीटर, एफ ५.६ ला जेमतेम २ मीटर. बास, एवढीच त्याची धाव! आणि मोबाईलचा तर तो खरा फ्लॅशच नाही, एलईडीची बॅटरी आहे, समोर ताटात काय वाढलंय ते दिसण्यापुरती.

इथं एक गंमत बघा. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स असंल तर १८ एमएमला अपर्चर ३.५ मिळतंय, पण झूम करून ५५ एमएमला नेलं की ते ५.६ होतं. म्हणजे लांबचं जवळ दिसावं म्हणून आपण झूम करतो आणि तिकडं फ्लॅशची पोच साडेतीन मीटरवरनं दोनवर येती. हे मला लय उशिरा कळलं.

आता अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत असंल असं वाटतं, पण तसं नाही, चौथा हिस्साच उरतो, कारण तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. तिप्पट लांब गेलात तर नववा हिस्सा. कार्यालयात लग्नाचा ग्रुप फोटो काढताना हेच नडतं, पुढची रांग २ मीटरवर आणि मागची ४ मीटरवर असली की पुढच्या करवल्या भाजल्यागत पांढऱ्या आणि मागं उभा असलेला मामा काळा ठिक्कर. यावर उपाय म्हणजे तुम्ही मागं सरका. पुढची रांग ४ वर आणि मागची ६ वर आली की फरक चौपटीचा न राहता सव्वादोन पटीवर येतो, चेहरे बऱ्यापैकी सारखे दिसतात.

पण मग ६ मीटरपर्यंत उजेड पोचवायचा कसा? आयएसओ वाढवायचा. आयएसओ चौपट केला की पोच दुप्पट, म्हणजे ४०० ला तोच १२ चा फ्लॅश २४ चा झाल्यागत वागतो, एफ ४ ला बरोब्बर ६ मीटर. १६०० ला ४८. पण खासबागच्या वरच्या पायरीवर ४८ भागिले ५.६, साडेआठ मीटरच, तिथं फ्लॅश बंद करून दिव्यांच्या उजेडातच काढा, शेजारचे पण शिव्या देणार नाहीत.

वरनं लावायचा मोठा फ्लॅश घ्यायला गेलात तर खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. कॅननच्या ६०० ईएक्सचा गाईड नंबर ६०, पण तो फ्लॅशचं डोकं २०० एमएमला झूम केल्यावरचा. ३५ ला ठेवलं की उजेड पसरतो आणि आकडा बराच खाली येतो. काही ठिकाणी आकडा फुटात छापलेला असतो, १२ मीटरचा ३९ होतोय, दिसायला लय भारी. छताला आपटवून उजेड मारत असाल तर वर जाऊन खाली यायचं सगळं अंतर धरायचं, शिवाय छत थोडा उजेड खातंय ते वेगळंच. उंच पत्र्याच्या हॉलमध्ये तर नादच करायचा नाही.

शटरचं, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो त्याचं काय? साधारण १/२०० सेकंद किंवा त्याहून हळू असाल तर शटरनं फ्लॅशच्या पोचेवर काय फरक पडत नाही, फरक पडतो तो मागच्या दृश्यावर. रंकाळ्यावर अंधार पडताना मित्राला दोन मीटरवर उभा करा, मागं तळ्यातला संध्यामठ धरा, कॅमेरा कठड्यावर टेकवा, शटर १/१५ पर्यंत हळू करा. मित्राला फ्लॅश उजळतो, तळं आणि आभाळ शटर उजळतं, फक्त त्याला म्हणावं भावा हलू नको.

आपल्या फ्लॅशची खरी पोच काढायची असंल तर रात्री गच्चीवर जा, १ मीटरपासून ६ मीटरपर्यंत एकेक बाटली ठेवा, थोडी तिरपी रांग म्हणजे सगळ्या दिसतील, कॅमेरा मॅन्युअलवर, फ्लॅश फुल पॉवरला, आणि एक फोटो. कितवी बाटली नीट दिसती ते बघा, मग तेवढं अंतर आपल्या ढांगांत मोजून ठेवा. माझ्या चार ढांगा म्हणजे तीन मीटर. बॅटरी मात्र फुल चार्ज ठेवा, आणि दोन फ्लॅशच्या मधे तयार असल्याचा दिवा लागंपर्यंत थांबा, नाहीतर अर्ध्या ताकदीचा उजेड पडतो आणि सगळा हिशोब चुकतो.