उन्हाच्या खिडकीसाठी झाडे कशी निवडावीत

उन्हाच्या खिडकीत झाडे ठेवायची असतील, तर रोपवाटिकेत जाण्याआधी निदान सुटीचा एक दिवस घरी थांबून ती खिडकी नीट पाहावी. सकाळी आठपासून दर दोन तासांनी ऊन फरशीवर कुठवर येते तिथे खडूने खूण करावी आणि पानांवर थेट ऊन एकूण किती तास पडेल, हे लिहून ठेवावे.

इंदूरमध्ये दिशेला विशेष महत्त्व आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्याही थोडे पलीकडून जाते. त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन फारसे येत नाही, तर डिसेंबरमध्ये तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे 44 अंशच वर असल्याने त्याच खिडकीतून ऊन खोलीत पार आतवर पोचते. खरी कसोटी पश्चिमेच्या खिडकीची असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी तीननंतरचे ऊन आणि तापलेली काच यांमुळे नाजूक पाने भाजून निघतात. अशा खिडकीत मी एकदा नेच्याची कुंडी ठेवली होती. आठवड्याभरात ती करपली, याचे मला अजूनही वाईट वाटते.

म्हणून पश्चिमेला कोरफड, निवडुंग, अडेनियम अशी पाणी साठवून ठेवणारी झाडेच निवडावीत. अडेनियमचा चीक विषारी असतो, तेव्हा घरात लहान मूल किंवा मांजर असल्यास ते टाळलेले बरे. पूर्वेची खिडकी माझ्या मते सर्वांत सोयीची. तिथे तुळस, क्रोटन आणि जेड चांगली वाढतात. दक्षिणेलाही जेड आणि क्रोटन चालतात. मनीप्लांट आणि पीस लिली मात्र खिडकीपासून हातभर आत किंवा पातळ पडद्याआड ठेवावीत.

रोप घेताना उंच, लांबट वाढलेले न घेता बुटके आणि भरगच्च घ्यावे, आणि पाने उलटून पिठ्या ढेकणाचे कापसासारखे पांढरे पुंजके नाहीत ना, हे तपासावे. रोपवाटिकेतील रोपे बहुधा हिरव्या जाळीच्या सावलीत वाढलेली असतात. त्यांना एकदम कडक उन्हात न ठेवता दोन आठवड्यांत हळूहळू खिडकीजवळ न्यावे.

माळव्याची काळी माती शेतात उत्तम असली, तरी कुंडीत ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तिला भेगा पडतात. कोरफडीसारख्या झाडांसाठी एक भाग काळी माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि दोन भाग जाड वाळू असे मिश्रण करावे, आणि तळाला भोक असलेली मातीची कुंडीच वापरावी.

पाणी ठरावीक वारी घालू नये. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे आणि माती कोरडी लागली तरच घालावे. पावसाळ्यात आभाळ अनेक दिवस भरलेले राहते, तेव्हा निवडुंगाला दोन-तीन आठवडे पाणी दिले नाही तरी चालते.