घरच्या तव्यावर आइस्क्रीमचा कोन

आइस्क्रीमचा कोन घरी करायचा म्हटले की बहुतेक जण पिठाच्या प्रमाणाची चिंता करतात. प्रत्यक्षात कोन साधतो किंवा बिघडतो तो तव्यावरून उतरल्यानंतरच्या दहा-पंधरा सेकंदांत. गरम पोळीतली वितळलेली साखर तिला कापडासारखी लवचीक ठेवते आणि निवताच तीच साखर काचेसारखी कडक होते.

गुंडाळलेल्या कोनाचा उगमही साखरेच्या या गुणाशीच जोडलेला आहे. १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात अर्नेस्ट हाम्वी हे सीरियाहून आलेले विक्रेते झलाबिया नावाची पातळ, जाळीदार पोळी विकत असत. (आपली ‘जिलबी’ याच शब्दकुळातली, पदार्थ मात्र निराळा.) शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या बशा संपल्या तेव्हा हाम्वी यांनी गरम झलाबिया गुंडाळून पुढे केली, असे सांगितले जाते. त्याच प्रदर्शनातील आणखी काही विक्रेत्यांनीही हा मान स्वतःकडे घेतला. शिवाय न्यूयॉर्कच्या इटालो मार्किओनी यांना आइस्क्रीमचे खाद्य कप बनवण्याच्या साच्याचे पेटंट डिसेंबर १९०३ मध्येच मिळाले होते. त्यामुळे कोणा एकालाच जनक म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.

ओतीव आणि गुंडाळलेला, हे दोन घाट आजही वेगळे दिसतात. सॉफ्टीचा सपाट बुडाचा, हलका, जवळजवळ बेचव कोन पातळ पीठ साच्यात ओतून भाजतात. साच्याशिवाय तो घरी होत नाही. टोकदार शुगर कोन आणि त्याहून मोठा, ठळक चौकड्यांचा वॅफल कोन हे दोन्ही गुंडाळलेले असतात. घरी करावा तो शुगर कोनच.

सात-आठ कोनांसाठी दोन अंड्यांचा पांढरा बलक, १०० ग्रॅम पिठीसाखर, ७५ ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम वितळवून कोमट केलेले बिनमिठाचे लोणी, दोन मोठे चमचे दूध आणि चिमूटभर मीठ घ्यावे. बलक व साखर एकत्र करून त्यात बाकीचे जिन्नस घालावेत आणि गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे. मिश्रण धिरड्याच्या पिठाइतके सैल हवे. ते वीस मिनिटे झाकून ठेवावे. तोवर जाड पुठ्ठ्याचा भेळेच्या पुडीसारखा शंकू वळून त्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळावी.

नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवण्याआधीच, म्हणजे थंड असताना, त्यावर दोन मोठे चमचे मिश्रण घालून चमच्याच्या पाठीने सुमारे १५ सेंटिमीटरचे पातळ वर्तुळ पसरावे. तापल्या तव्यावर ते पसरण्याआधीच आळते. मंद आचेवर खालची बाजू बदामी झाली की उलटावे आणि दुसरी बाजूही तशीच भाजावी. फिकट राहिलेला कोन निवल्यावरही लिबलिबीतच राहतो. पोळी स्वच्छ फडक्यावर काढून लगेच शंकूभोवती वळावी, कडेचा जोड खाली दाबून धरावा आणि टोक चिमटीत घट्ट मिटावे. या चिमटीत कुचराई करू नये, कारण टोकाशी राहिलेल्या मोहरीएवढ्या फटीतूनही आइस्क्रीम मनगटावर ओघळते. एका वेळी एकच पोळी भाजावी. वळण्याआधीच ती कडक झाली, तर क्षणभर तव्यावर परत टाकावी, म्हणजे साखर पुन्हा सैल होते.

आइस्क्रीम भरून ठेवायचे असेल तर कोनाला आतून वितळलेल्या चॉकलेटचा पातळ थर द्यावा. नेपल्सच्या स्पिका कंपनीने १९५९ मध्ये तेल, साखर आणि चॉकलेटचा असाच थर देऊन कोन ओलाव्यापासून वाचवला आणि तयार भरलेले ‘कॉर्नेट्टो’ विकणे शक्य केले.

साखर हवेतला दमटपणा ओढून घेत असल्याने, विशेषतः पावसाळ्यात, उघडा कोन पाहता पाहता सादळतो. पूर्ण निवलेले कोन लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. तरीही सादळलेच, तर चॉकलेट न लावलेले कोन शंकूवर चढवून १५० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटे ठेवावेत. बाहेर काढताना ते मऊ लागतील, पण शंकूवरच निवू दिल्यास पुन्हा कुरकुरीत होतात.