पावसाळ्यात घोरपड: बांध, खुराडे आणि शेततळ्याची काळजी

जून ते सप्टेंबर हा घोरपडीचा अंडी घालण्याचा हंगाम. एरवी बिळात दडणारी घोरपड या दिवसांत बांधावर, वारुळापाशी हमखास दिसते. ती आपणहून अंगावर येत नाही; वाट मोकळी ठेवा, निघून जाते. कोंडीत सापडली तर शेपटीचा फटका देते, चावतेही.

मादी भुसभुशीत मातीत किंवा वारुळात साधारण 20 ते 30 अंडी घालून माती लोटते. अंडी फुटायला 6 ते 9 महिने लागतात. म्हणजे ऑगस्टमधली अंडी उन्हाळ्यातल्या बांधबंदिस्तीच्या वेळीही आतच असू शकतात, आणि जेसीबी नेमका तेव्हाच फिरतो. म्हणून मादी उकरताना दिसली तर तिथे आत्ताच काठी रोवून खूण करा, तेवढा तुकडा कोरू नका. अंडी उघडी पडलीच तर उलटीपालटी करू नका. गर्भ कवचाला आतून चिकटलेला असतो, अंडे फिरले की तो दगावतो. वरची बाजू वरच ठेवून तीच माती परत लोटा.

खुराड्यातली अंडी-पिल्ले ती खाते, हे खरे. पण ती दिवसा फिरते. रात्रीत पिल्ले गेली तर चोर दुसराच. ओल्या मातीत नख्यांच्या ठशांमधून शेपटी घासल्याची नागमोडी रेघ असेल तरच घोरपड समजा. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, ती फूटभर जमिनीत गाडा, अंडी दुपारपर्यंत उचला. नायलॉनची जाळी नको, तीत घोरपड अडकून मरते.

ती उंदीर, भुंगेरे, गोगलगायी खाते. झिंक फॉस्फाईडचे आमिष उघड्यावर टाकले तर मेलेल्या उंदरातून तिलाही विषबाधा होऊ शकते. आमिष बिळात घालून तोंड बुजवा, मेलेले उंदीर रोज पुरा.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात पडलेली घोरपड नख्या घसरत असल्याने वर येऊ शकत नाही. काठावर पक्का बांधलेला काथ्याचा जाड दोर किंवा जाळे तळापर्यंत सोडा, किमान दोन बाजूंना.

पिवळ्या ठिपक्यांची पिल्ले विषारी समजून उगाच मारली जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार घोरपड अनुसूची 1 मध्ये आहे. मारणे, पकडणे, बाळगणे गुन्हा आहे. ‘हत्ता जोडी’ नावाने विकली जाणारी ‘मुळी’ही बहुधा नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते, ती घेऊ नका. घरात शिरली तर वन विभागाला 1926 वर कळवा. चावल्यास जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा.