घरच्या पूजेत वीणा आणि संस्कृत श्लोक कसे बसवायचे
जळगाव-भुसावळकडे सरस्वती वीणा घेऊन बसायचं तर आधी जागा बघा, कारण तिचे 24 पडदे (सुरांसाठी दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या) मेणात बसवलेले असतात आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ते मेण मऊ पडतं, पडदे सरकतात, सूर गेलाच मग. पहाटेच बसा.

श्लोक आधी वाद्याशिवाय म्हणा. शार्दूलविक्रीडित वृत्तातला श्लोक घ्या, चरणात 19 अक्षरं, 12 व्या अक्षरावर यती म्हणजे विराम, तिथेच श्वास घ्यायचा आणि नंतर वीणा घेतली की तिथेच करंगळीने बाजूच्या 3 तारा छेडायच्या, घाई अजिबात नको, देवी समोर बसून ऐकतेय असं धरूनच म्हणा. अर्थ कळल्याशिवाय पुढचा चरण घेऊ नका, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

वीणा नसेल तर मोबाईलवर तंबोरा लावा, चालतं. सप्ताहातली वारकरी वीणा वेगळी, ती गळ्यात घेऊन नाम घेतात.