मॅट ग्लेझला आधी आंबट दाखवा

टेस्ट टाइल (नमुन्याचा छोटा तुकडा) भट्टीतून देखणी निघाली म्हणजे ग्लेझ (मातीच्या भांड्यावरचा काचेसारखा थर) जमलं, असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढच्या कामाला लागा. टाइल रंग दाखवते, टिकाऊपणा नाही.

माझा मॅट, म्हणजे चमक नसलेला, हिरवा सगळ्यांना आवडायचा. दादरच्या मावशीने त्या वाडग्यात लिंबाचं लोणचं काढून ठेवलं. लोणचं संपलं तेव्हा खार जिथवर होता तिथवर हिरवा विटून पांढुरका झालेला, नखाला खरखरीत. आंबटाने ग्लेझमधलं तांबं ओढून घेतलं होतं. ते लोणचं घरात सगळ्यांनी खाल्लं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मॅट दोन तऱ्हांचा असतो. एकात ग्लेझ पूर्ण वितळतं आणि थंड होताना बारीक स्फटिक धरतं. दुसऱ्यात ते नुसतं कच्चं राहिलेलं असतं. हाताला दोन्ही सारखेच मऊ लागतात, फसगत होते ती इथेच. तीच टाइल एक कोन वर भाजा (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारी मातीची छोटी सुळकी; एक कोन वर म्हणजे एक पायरी जास्त उष्णता). लख्ख चकाकली तर बहुतेक वेळा आधीचा मॅट कच्चा होता. भट्टीच्या मीटरवर विसंबू नका, टाइलशेजारी कोन उभे करा. कोन 6 साधारण 1,220 अंश सेल्सियसला वाकतो, पण चढण किती सावकाश होती त्यावरही ते ठरतं.

मग अर्धी टाइल व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. शिसं-कॅडमियमच्या तपासणीत लॅबवाले 4 टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये 24 तास ठेवतात; मी घरी तीन दिवस ठेवते. रेघ उमटली तर ते ग्लेझ फुलदाणीला. नाही उमटली तरी विकण्याआधी लॅबचा आकडा घ्याच.

घाबरू नका, दुरुस्ती होते. हिरवा रंग देणारं कॉपर कार्बोनेट कमी करा आणि 100 ग्रॅमच्या बॅचमध्ये 5, 10, 15 ग्रॅम क्वार्ट्झ वाढवत टाइल्स काढा. तडकण्याच्या बारीक रेघाही त्याने बऱ्याचदा कमी होतात. क्वार्ट्झ फार झालं तर ग्लेझ पुन्हा कच्चं राहील, तेव्हा बोरॉनचं फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) लागेल. चूर्ण उडतं, मास्क लावा. वहीवर हात ठेवून रेसिपी लपवणाऱ्या गुरूंच्या नादी लागू नका. त्यांच्या मातीवर बसलेलं ग्लेझ तुमच्या मातीवर बसेलच असं नाही.

आपल्याकडे जुलैत ग्लेझमध्ये घालायची चायना क्ले ओल धरते, वजन खोटं येतं. वाळवून मगच तोला. आणि टाइलच्या मागे नंबर आयर्न ऑक्साइडने लिहा, पेन्सिल भट्टीत जळून जाते.